बाउल : गाणे आणि गुरू

'माधुकरी' हा शब्द उच्चारला म्हणजे झोळी घेऊन पाच घरे हिंडणारा गरीब विद्यार्थी आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. बंगालमध्ये हाच शब्द बाउलांच्या तोंडी आहे. एकतारीवर गाणे म्हणून दारोदार मिळालेले मूठभर तांदूळ ही त्यांची माधुकरी. मराठी वाचकास येथे वासुदेवाची आठवण होईल. परंतु हे साम्य वरवरचे आहे. वासुदेवपण वंशपरंपरेने येते. बाउल होण्यास जात किंवा धर्म आड येत नाही, मात्र गुरू लागतो. 'बाउल' हे नाव 'वातुल', म्हणजे वेडा, या संस्कृत शब्दापासून आले असे पुष्कळ विद्वान मानतात. आपला 'बावळा' येथे सहजच आठवतो.

या वेड्यांचे तत्त्वज्ञान देहाभोवती फिरते. तीर्थे, मंदिर, मशीद, शास्त्रे यांत जे शोधावयाचे तो 'मनेर मानुष', मनातला माणूस, या देहातच वसतो आणि देहाच्याच साधनेने तो सापडतो, असे ते मानतात. बौद्ध सहजिया, वैष्णव सहजिया आणि सूफी असे तीन प्रवाह या विचारात मिसळले आहेत. नाथपंथाशीही त्याचे जवळचे नाते आहे. आणि ज्ञानदेवांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथ, गहिनीनाथ अशी गोरक्षनाथांपर्यंत जात असल्यामुळे 'पिंडी ते ब्रह्मांडी' ही भाषा आपणांस परकी वाटू नये.

अभ्यासकाला खरी गोडी वाटते ती या गीतांच्या दुहेरी अर्थाची. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळात सापडलेल्या व १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्यापदांत अशीच संध्याभाषा आहे. बाउलाच्या गाण्यात घर, नदी, नाव, पिंजरा आणि पाखरू येते. ऐकणारा शेतकरी त्यात आपला संसार पाहतो, तर दीक्षित शिष्य श्वासाची व देहाची गुह्य क्रिया पाहतो. नाथांच्या भारुडांत रूपक आहे, पण ते श्रोत्यांना उलगडावे म्हणूनच योजलेले आहे. बाउलाचे रूपक गुरूवाचून बंदच राहते.

कुष्टियाजवळील छेउडियाचे लालन शाह १८९० मध्ये वारले. ते हिंदू की मुसलमान हा वाद अजून मिटलेला नाही, आणि लालनांना तो प्रश्नच मान्य नव्हता. त्यांची काही गाणी रवींद्रनाथांनी १९१५ मध्ये 'प्रवासी' मासिकात छापली आणि १९३० मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानांतून बाउलांचा विचार जगापुढे मांडला. शिलाइदहच्या गगन हरकरा नावाच्या डाकवाल्याच्या चालीवर त्यांनी रचलेले गीत पुढे बांगलादेशाचे राष्ट्रगीत झाले. हे उपकार मोठेच होत. तथापि सुशिक्षित बंगालने या गाण्यांतील काव्य उचलले आणि स्त्री-पुरुषांच्या जोडीने करावयाची देहसाधना संकोचाने बाजूस ठेवली, असे आम्हांस स्पष्ट दिसते. पाठ्यपुस्तकातला बाउल त्यामुळे फारच सोज्वळ झाला आहे!

पुढे गाणे दूर गेले. पूर्णदास बाउल १९६७ मध्ये अमेरिकेत पोहोचले व बॉब डिलनच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर झळकले. युनेस्कोने २००५ मध्ये बांगलादेशातील बाउलगीतांचा गौरव केला. पण २००८ मध्ये ढाक्याच्या विमानतळासमोरील बाउलांचे शिल्प कट्टरपंथीयांच्या विरोधामुळे हटवावे लागले. आमच्या मते विरोधापेक्षा सत्काराचा धोका सूक्ष्म आहे. विरोधकाला निदान गाण्यात काही जहाल आहे हे कळते; टाळ्या देणाऱ्याला तेही कळत नाही. आज गाणे ध्वनिमुद्रणावरून एका दिवसात पाठ करता येते. गुरूजवळ राहण्याची वर्षे मात्र कमी करता येत नाहीत.

तरीही परंपरा संपली असे म्हणवत नाही. मकरसंक्रांतीस बीरभूममध्ये अजय नदीच्या काठी केंदुलीची जत्रा भरते. तेथे ध्वनिक्षेपकांचा गलका असतो, आणि आखाड्यांत रात्रभर गाणेही चालते. छेउडियास दोलपौर्णिमेला साधू जमतात. अशा बैठकीत एकाने गाण्यातून प्रश्न टाकावयाचा आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर गाण्यातूनच द्यावयाचे. ज्याला केवळ चाल येते, त्याची येथे पंचाईत होते.