हौशी शोधक

चरायला सोडलेली गाय दिवस मावळला तरी परतली नाही, म्हणजे गुराखी काय करतो, हे खेड्यातील मुलांना सांगावयास नको. तो प्रथम ओढ्याकाठच्या ओल्या मातीकडे जातो. तेथे उमटलेल्या खुरांवरून गाय कोणत्या दिशेस गेली, हे तो ओळखतो. तिच्या खुरांशेजारी माणसाची पावले दिसली, तर ती वाट चुकली नसून कोणी तिला हाकून नेली असावी, असा तर्क तो करतो. ह्यालाच आपण माग काढणे म्हणतो. आमच्या भूम तालुक्यातील माळरानांवर गुरे राखणाऱ्या पोरासोरांनाही ही विद्या थोडीबहुत अवगत असते. रहस्यकथांतील मोठमोठ्या शोधकांची विद्या ह्याहून फारशी निराळी नसते.

रहस्यकथा म्हणजे गोष्टीच्या रूपाने घातलेले कोडे होय. आरंभी काहीतरी विपरीत घडते. दागिना नाहीसा होतो, मृत्युपत्र हरवते किंवा एखाद्याचा खूनही होतो. हे कोणी केले आणि कसे केले, हे कोणासच ठाऊक नसते. मग लेखक गोष्टीत जागोजागी लहान लहान धागेदोरे पेरीत जातो. त्यांतील काही खरे असतात, तर काही केवळ चकविणारे असतात. शोधक त्यांतून खरे तेवढे वेचून घेतो आणि शेवटी कोडे उलगडतो. ह्या खेळाचाही एक नियम आहे. शोधकाला जे दिसते, ते वाचकालाही दिसले पाहिजे. अगदी शेवटच्या पानावर एखादा अनोळखी माणूस आणून त्याला चोर ठरविणारा लेखक वाचकाशी खोटा खेळ खेळतो, असेच म्हटले पाहिजे.

इंग्लंडमधील लेखक आर्थर कॉनन डॉइल ह्यांनी १८८७ साली शेरलॉक होम्स हा शोधक वाचकांसमोर आणला. त्याच्या एका कथेत शर्यतीचा एक नामांकित घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो. तबेल्यात राखणीला कुत्रा असतो. परंतु त्या रात्री तो भुंकत नाही. इतरांना ह्यात काहीच विशेष वाटत नाही. होम्सच्या मनात मात्र लगेच प्रश्न उभा राहतो : कुत्रा का भुंकला नाही? परका माणूस आला असता तर कुत्र्याने आळी जागी केली असती. ज्याअर्थी तो गप्प राहिला, त्याअर्थी येणारा मनुष्य त्याच्या ओळखीचा होता. जे घडले ते सर्वांनाच दिसते. जे घडावयास हवे होते पण घडले नाही, ते पाहण्यास शोधकाची नजर लागते.

होम्सचा हा व्यवसायच होता. पण केवळ जिज्ञासेने आणि सत्याच्या ओढीने कोड्यामागे लागणारे शोधकही असतात. त्यांना हौशी शोधक म्हणतात. त्यांच्या अंगावर गणवेश नसतो आणि कोणाला दरडावून विचारण्याचा अधिकारही त्यांना नसतो. ॲगाथा ख्रिस्ती ह्या इंग्रज लेखिकेची मिस मार्पल ही अशीच एक वृद्ध स्त्री. तिची पहिली कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली. एका लहानशा खेड्यात राहावे, लोकर विणावी, बागेतील फुलझाडे पाहावीत आणि शेजाऱ्यांची विचारपूस करावी, असे तिचे आयुष्य. परंतु गावात इतकी वर्षे राहिल्यामुळे माणसाचा लोभ, मत्सर आणि भीती ही तिच्या चांगल्या परिचयाची असतात. त्या ओळखीच्या बळावर ती पोलिसांना न सुटलेले कोडे सोडविते. अशा कथांत रक्तपाताची वर्णने फारशी नसतात. गाव लहान, माणसे ओळखीची आणि कोडे मात्र मोठे, हीच त्यांची गोडी.

आपल्या देशातही रहस्यकथेची परंपरा समृद्ध आहे. बंगालीत शरदिंदू बंदोपाध्याय ह्यांनी १९३२ साली ब्योमकेश बक्षी ह्याला जन्म दिला. हा ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर न म्हणविता ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. मराठीत बाबूराव अर्नाळकर ह्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या धनंजय, झुंजार आणि काळापहाड ह्या नायकांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली.

पण मराठी मुलांना सर्वांत जवळचा वाटणारा शोधक म्हणजे फास्टर फेणे. भा. रा. भागवत ह्यांनी मुलांसाठी विपुल लेखन केले आणि १९५१ साली ‘बालमित्र’ हे मासिकही सुरू केले. फास्टर फेणे हा त्यांचाच मानसपुत्र. त्याचे खरे नाव बनेश. हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. तो अंगाने किडकिडीत, पण मोठा चपळ. सायकलवर टांग टाकून तो संकटाच्या तोंडी जातो आणि काही लक्षात आले की जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. त्याच्यापाशी शस्त्र नाही, पैसा नाही. त्याचे डोळे आणि कान उघडे असतात आणि अन्याय दिसला की त्याला स्वस्थ बसवत नाही. २०१७ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला; तोवर ह्या पुस्तकांचे पहिले वाचक प्रौढ झाले होते.

अशा कथा वाचून काय लाभ, असे काही वडीलधारी माणसे विचारतात. मीही एके काळी तसेच विचारीत असे. सुमारे ३० वर्षांपूर्वीचा एक प्रसंग त्यास उत्तर म्हणून सांगतो.

तेव्हा मी एका शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. सहलीसाठी मुलांकडून गोळा केलेले पैसे मी एका पाकिटात घालून टेबलावर ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर पाहतो, तो पाकीट नाही! सुट्टीत एकच मुलगा वर्गात बसून होता. तो गरीब घरचा होता आणि त्याच दिवशी त्याच्याजवळ नवी कोरी कंपासपेटी दिसत होती. सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. मीही अधिक विचार न करता सर्वांदेखत त्याचे दप्तर जमिनीवर उलटे केले. त्यातून दोन वह्या, ती पेटी आणि फडक्यात बांधलेली भाकरी एवढेच निघाले. तो मुलगा एक शब्दही बोलला नाही. खाली मान घालून तो वह्या गोळा करू लागला.

तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. ग्रंथालयातून फास्टर फेणेची पुस्तके सर्वांत अधिक नेणारी ती हीच. ती म्हणाली, “सर, ही पेटी मी सकाळी प्रार्थनेच्या आधीच पाहिली होती. पैसे तर तुम्ही तिसऱ्या तासाला गोळा केलेत.” वर्गात शांतता पसरली. मग तिने भीत भीत विचारले, “सर, टेबलावरून आणखी काय काय गेलं?” मी आठवू लागलो. सुट्टी होताच शिपाई नेहमीप्रमाणे हजेरीपट कार्यालयात घेऊन गेला होता. मी धावतच तेथे गेलो. पाकीट हजेरीपटाच्या पानांत होते आणि ते तेथे माझ्याच हातून गेले होते.

ती पेटी त्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत खव्याच्या भट्टीवर काम करून मिळविलेल्या पैशांतून घेतली होती. मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याने ती केलीही. परंतु जमिनीवर पडलेली ती भाकरी मी अद्याप विसरलेलो नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, म्हणून काही कावळा फांदी तोडीत नाही. नवी पेटी आणि हरवलेले पैसे ह्यांची गाठ मी अशीच आपल्या मनाने घातली होती. त्या मुलीने माझ्यापेक्षा काही अधिक पाहिले होते असे नाही. तिने केवळ आधी काय घडले आणि नंतर काय घडले, ह्याचा क्रम लावला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यास एक क्षण पुरतो. संन्याशाला सोडविण्यास मात्र कोणीतरी थांबून विचार करावा लागतो. कोड्याच्या शेवटी चोर सापडतो, ह्याचा वाचकास आनंद होतोच. परंतु ज्याच्यावर उगीच संशय होता, त्याची मान पुन्हा ताठ होते, हा हौशी शोधकाचा खरा विजय होय.