कँटोनी भाषेतील निरोपाचे शब्दप्रयोग

निरोपाच्या शब्दांचा अर्थ केवळ कोशावरून ठरविता येत नाही. कोण जात आहे, कोण मागे राहत आहे आणि उभयतांचा संबंध कोणता, ह्यांवर तो अवलंबून असतो. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांत, हाँगकाँग व मकाव येथील कँटोनी भाषेत ह्याचे स्पष्ट प्रत्यंतर येते.

कोशात प्रथम आढळणारा शब्द 'चॉइ कीन' हा होय (येथील 'च' मराठी 'चाक' शब्दातील 'च'सारखा). 'पुन्हा भेटू' हा त्याचा शब्दार्थ. परंतु स्नेह्यांच्या नित्य व्यवहारात तो औपचारिक वाटतो. तेथे इंग्रजीतून आलेला 'पाइ-पाइ' हाच शब्द रूढ आहे. तो लिहिताना 'वंदन करणे' ह्या अर्थाचे चिन्ह दोनदा योजतात. ते चिन्ह एरवी मध्यम सुरात वाचले जाते. येथे मात्र पहिले अक्षर उच्च सुरात उच्चारतात. चिन्ह केवळ ध्वनीपुरते घेतले आहे, हे ह्यावरून उघड होते.

मंडळींतून उठणारा मनुष्य 'चाउ सीन', म्हणजे 'आधी निघतो', असे म्हणतो. 'सीन' म्हणजे 'आधी'. उत्तरेकडील प्रमाण चिनीत हा शब्द क्रियापदापूर्वी येतो, तर कँटोनीत क्रियापदानंतर. इतर मंडळी बसली असता आपण अगोदर उठत आहोत, ही जाणीव त्यात व्यक्त होते. मागे राहणारा यजमान त्यास 'मान मान हाङ' असे उत्तर देतो. 'हळूहळू चाला' हा त्याचा शब्दार्थ. मराठीतील 'सावकाश जा' ह्याप्रमाणे त्यात गतीपेक्षा काळजीच अभिप्रेत असते. जाणाऱ्याने ते यजमानास म्हणणे विसंगत ठरेल.

'तक हान यम छा', म्हणजे 'सवड झाली की चहा घेऊ', हा प्रयोग परकीय अभ्यासकास विशेष चकवितो. दिवस व स्थळ ठरविले नसल्यास ते बहुधा निमंत्रण नसते. त्यावर लगेच दिवस विचारल्यास बोलणारा संकोचात पडतो. तथापि ते असत्यही नव्हे. संबंध तुटलेला नाही, एवढेच त्यातून सांगावयाचे असते. मराठी मनुष्य निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तेव्हा त्यानेही परतण्याची वेळ दिलेली नसते.

तेव्हा अशा प्रयोगांची नोंद करताना शब्दार्थाबरोबरच वक्ता, श्रोता व प्रसंग ह्यांचाही निर्देश आवश्यक ठरतो. त्यावाचून केलेली यादी शब्द शिकवील, निरोप घेणे शिकविणार नाही.