थोमाच्या हातातला गुण्या

रायपूरहून हावडा-मुंबई मेलनं सीएसएमटीला उतरलात, की हॉर्निमन सर्कलचं सेंट थॉमस कॅथीड्रल चालत जाण्याइतकं जवळ आहे. १७१८ सालचं हे चर्च. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इथं यायचं, तो ‘चर्चगेट’. आपली माणसं तिथल्या रंगीत काचांचे फोटो काढतात आणि निघतात. मला ते खटकतं, कारण ही चित्रं वाचायची असतात.

थोमाचंच बघा. येशू पुन्हा उठला, हे ऐकून ‘खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही’ असं म्हणणारा शिष्य तो. ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात येते. पण चर्चच्या चित्रांत थोमाच्या हातात बहुधा गुण्या असतो, गवंड्या-सुतारांचा काटकोनी गुण्या. तो बायबलमधला नाही. जुनी आख्यायिका अशी, की गोंडोफारेस राजानं त्याला महाल बांधायला पैसे दिले आणि त्यानं ते गरिबांना वाटून टाकले. राजानं विचारलं तर म्हणाला, महाल स्वर्गात बांधलाय! या राजाची नाणी सापडली आहेत, म्हणजे राजा तरी खरा.

मला नेहमी विचारतात, चर्चमध्ये पंख असलेला बैल कसा? नंदी आहे का? नाही. तो लूक. माणूस म्हणजे मत्तय, सिंह म्हणजे मार्क, गरुड म्हणजे योहान. हे चार प्राणी यहेज्केलच्या पहिल्या आणि प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायातले. लेखकांशी त्यांची सांगड नंतरच्या धर्मपंडितांनी घातली. मत्तय वंशावळीनं सुरुवात करतो, म्हणून माणूस. मार्कमध्ये आधी अरण्यातली गर्जना. लूकची सुरुवात मंदिरातल्या याजकापासून, म्हणून बळीचा बैल. योहान एकदम आकाशातूनच बोलू लागतो. गंमत म्हणजे दुसऱ्या शतकात इरेनियसनं योहानाला सिंह आणि मार्कला गरुड दिला होता. आजची वाटणी जेरोमच्या मताची.

आता काचेबद्दल. निळा रंग कोबाल्टचा, तो काच वितळतानाच मिसळतात. पिवळा चांदीच्या क्षारांचा, तो वरून लावून भाजतात. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. हे शिसं मऊ. वर्षानुवर्षांच्या उन्हावाऱ्यानं ते वाकतं, तुकडा सुटतो, आणि तिथं कोणीतरी साधी निळी काच बसवून मोकळं होतं. तो तुकडा किल्ल्यांचा असेल तर? किल्ल्या गेल्या की पेत्र उरत नाही, कोणीही दाढीवाला म्हातारा उरतो. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी प्रत्येक तुकड्याचा फोटो आणि नकाशा हवाच.

कुलाब्याचं अफगाण चर्चही बघा. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं, १८५८ मध्ये अर्पण झालेलं, आणि नाव योहानाचं. तिथल्या पूर्व-पश्चिम खिडक्या विल्यम वेल्सच्या. पूर्वेची बघायला सकाळी जा आणि आत उभे राहा. बाहेरून ती दिवसा काळीकुट्ट दिसते.