इंजिनातलं ऑइल जातं कुठं?



बैठकीत पेटीतले पैसे मोजले आणि वहीपेक्षा दोनशे रुपये कमी भरले, तर आपण काय करतो? लगेच कुणावर आळ घेत नाही. वही उघडतो, मागची पानं बघतो, कुणाचा हप्ता लिहायचा राहिला का, कुणाला सुट्टे दिले का, ते तपासतो. पैसे हवेत विरत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं. गाडीच्या इंजिनातल्या ऑइलचंही तसंच आहे, हे आम्हाला मात्र उशिरा कळलं. ते कसं कळलं, तेच आज सांगणार आहोत.

आमचा गट राधानगरी तालुक्यातला. कांदा-लसूण चटणी, नाचणीचे पापड आणि सेंद्रिय गूळ घेऊन आम्ही आठवड्यातून तीनदा कोल्हापूरला जातो. त्यासाठी गटानं एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. घेतली तेव्हाच ती पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली होती. आमच्यातलीच एक ताई ती चालवते. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, म्हणजे आठवड्याला तीनशे.

गेल्या पावसाळ्यात ताईच्या लक्षात आलं की ऑइल सारखं कमी होतंय. आठशे किलोमीटर झाले की लिटरभर घालावं लागायचं. गाडीखाली डाग नाही, मागून धूर नाही. गॅरेजमध्ये दाखवलं तर मिस्त्री म्हणाले, "रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागंल. चाळीस हजार धरा."

गटाच्या अंतर्गत कर्जाच्या खात्यात त्या वेळी बेचाळीस हजार होते. आणि त्यातलेच तीस हजार एका सदस्येच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी द्यायचा ठराव आदल्या महिन्यात झाला होता. गाडी बंद पडली तर सगळ्यांचा धंदा बसणार, आणि गाडी केली तर पोरीचं वर्ष जाणार. त्या बैठकीत कुणी चहाला हात लावला नाही.

तेव्हा एका सदस्येनं सांगितलं, "आमच्या मामांना विचारूया." तिचे सासरे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या कामावर होते, आता घरीच असतात. मामांनी गाडीकडं बघितलंच नाही. पहिला प्रश्न केला, "वही कुठाय?"

आमच्याकडं गाडीची वहीच नव्हती. मामा म्हणाले, "ऑइल तीनच वाटांनी जातंय. एकतर बाहेर गळतंय, नाहीतर आत जळतंय, नाहीतर पाण्यात मिसळतंय. चौथी वाट न्हाई. कुठली ते कळायच्या आधी पैसा काढू नका."

पहिलं काम : नीट मोजणं

ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, आम्ही कशी बघायचो? गाडी दारात येऊन थांबली की लगेच, तीही उतारावर. इंजिन चालू असताना ऑइल वरच्या भागात फिरत असतं. बंद केल्यावर ते खाली चेंबरमध्ये उतरायला थोडा वेळ लागतो. उतारावर ते एका बाजूला जातं. म्हणजे पट्टी कमी दाखवायची आणि आम्ही आणखी ओतायचो. जास्त झालेलं ऑइल क्रँकच्या फिरण्यानं घुसळलं जातं आणि ब्रीदरच्या नळीतून जळायला जातं. म्हणजे ऑइल घालवण्यात आमचाही हातभार होताच.

मामांनी नियम घालून दिला. दर सोमवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर मोजायचं. पट्टी काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की पुरे, वरच्या खुणेच्या पुढं कधीच नाही. वहीत चार रकाने : तारीख, किलोमीटर, पट्टीवरची पातळी, किती ओतलं. ओतताना अंदाजानं नाही, खुणा असलेल्या मापानं.

दुसरं काम : गळती शोधणं

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरला. सकाळी कोरडाच. आम्हाला वाटलं, गळती नाही. मामा म्हणाले, "थांबलेल्या गाडीचं कळलं. चालत्या गाडीचं कुठं कळलं?"

इंजिन चालू असताना ऑइल पंपाच्या दाबानं फिरतं. बारीक फट असेल तर तेव्हाच बाहेर येतं. वाऱ्यानं ते गाडीखाली पसरतं आणि वाटेतच उडून जातं. बंद केल्यावर दाब संपतो, फट गप्प बसते. म्हणून अंगणात डाग पडत नाही.

मग थंड इंजिन फडक्यानं आणि ब्रशनं पुसून घेतलं. जिथं शंका, तिथं अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरली. ताई वीस किलोमीटर फिरून आली. इंजिन थोडं निवल्यावर बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर पांढऱ्या पावडरीवर काळी ओली रेघ! ती निघत होती ऑइल प्रेशर स्विचमधून. हा इंजिनाला बसवलेला अंगठ्याएवढा भाग. गाडीतला ऑइलचा लाल दिवा याच्याच वायरीवर चालतो.

बाकीच्या जागाही मामांनी दाखवल्या : ऑइल फिल्टरचं रबर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचा नट, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मधलं क्रँक सील.

एक सांगून ठेवतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. गरम सायलेन्सरजवळ पदर, ओढणी न्यायची नाही. आणि चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ हात घालायचा नाही.

तिसरं काम : कुकरची शिट्टी

इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली चेंबरमध्ये येतोच. तो बाहेर काढायला ब्रीदरची नळी आणि तिच्यावर एक झडप असते. ती काजळीनं तुंबली तर आत दाब वाढतो. कुकरची शिट्टी तुंबल्यावर काय होतं? वाफ रबराच्या कडेनं वाट काढते. इंजिनातही तसंच, दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. आमच्या गाडीची नळी इतकी तुंबली होती की फुंकर जात नव्हती. ती साफ केली आणि झडप नवी बसवली.

चौथं काम : आत जळतंय का?

नदीवरच्या ऑइल इंजिनाचा धूर आपण लहानपणापासून बघितलाय. गाडीचा धूरही बोलतो. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा दाट धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरत असावं. थंडीतल्या सकाळी थोडी वाफ दिसते, ती साधी.

पण धूर दिसला नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं नाही. अलीकडच्या पेट्रोल गाड्यांत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. थोडं ऑइल जळलं तर ते दिसतही नाही. म्हणून प्लग काढून बघतात. आमचे तीन प्लग कोरडे, तपकिरी होते. चौथा काळा आणि तेलकट.

मग कॉम्प्रेशन मोजून घेतलं. सायकलच्या पंपाचा वायसर झिजला की हवा बसत नाही, तसंच पिस्टनच्या रिंगांचं. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. ऑइलनं रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हकडं असतो. आमच्या चौथ्या सिलिंडरचा दाब वाढला. म्हणजे मिस्त्री खोटं बोलत नव्हते, एक रिंग झिजली होतीच. आम्हीच त्यांना 'ऑइल जातंय' एवढं सांगितलं होतं. ना आकडा दिला, ना वही.

पाण्याची वाटही तपासली. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तवंग आला, तर गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं.

हिशेब काय झाला?

स्विच, झडप, कॉम्प्रेशनची तपासणी आणि मजुरी मिळून एकोणीसशे रुपये गेले. त्यानंतर वहीत आठ आठवडे नोंद ठेवली. आधी आठशे किलोमीटरला लिटर जायचं, आता चोवीसशे किलोमीटरला लिटर जातं, म्हणजे हजाराला चारशे मिलिलिटरच्या आसपास. काही वाहन कंपन्यांच्या पुस्तकांत हजाराला अर्ध्या लिटरपर्यंतची घट चालण्यासारखी मानलेली आहे. जुन्या इंजिनाचं तेवढं आपण सोसायचं, पण नजर ठेवून.

पोरीची फी वेळेवर भरली. ती आता पहिल्या वर्षाला आहे.

इंजिनाचं काम टळलेलं नाही, लांबलंय. म्हणून गटानं ठराव केला की प्रत्येक फेरीमागं शंभर रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. आकडा पुन्हा वाढायला लागला की वही सांगेल, आणि तेव्हा पैसे तयार असतील.

जाता जाता दोन गोष्टी. ऑइलचा लाल दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही. दाब गेला हे सांगतो. चालताना तो लागला तर पुढचं गाव येईपर्यंत जाऊ नका. सुरक्षित जागी लगेच गाडी थांबवा, इंजिन बंद करा. आणि काढलेलं काळं ऑइल बांधाला, ओढ्याला ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या.

तुमच्या गटाकडं टेम्पो असो, रिक्षा असो की कुणाच्या घरची जुनी मोटारसायकल, येत्या सोमवारी एक शंभरपानी वही आणा आणि पहिल्या पानावर चार रकाने आखा. मिस्त्रीकडं जाल तेव्हा ती वही हातात असू द्या.