स्वतःच्या नावाने मत : भारतीय स्त्रीच्या मताधिकाराची वाटचाल

आपल्या देशातील स्त्रीला मताधिकार न झगडता मिळाला, असे पुष्कळदा म्हटले जाते. इंग्लंडमधील स्त्रियांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला; आपल्याकडे मात्र संविधान आले आणि त्याबरोबर मतही आले, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. संविधान स्वीकारले जाण्यापूर्वी तीसहून अधिक वर्षे या मागणीचा पाठपुरावा चालू होता. अधिकार मिळाल्यानंतरही एक अडथळा उरला होता. या स्मरणिकेच्या वाचकांनी, विशेषतः आमच्या माजी विद्यार्थिनींनी, तो इतिहास जाणून घ्यावा, यासाठी हा लेखप्रपंच.

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रास येथे भेटले. राजकीय सुधारणा होणार असतील तर स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने मत असावे, ही त्यांची मागणी होती. पुढे मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ती अमान्य केली. भारतीय समाजाची त्यासाठी तयारी नाही, असे कारण देण्यात आले. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन 1919 मध्ये लंडनला गेल्या व पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. अखेर हा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविण्यात आला. 1921 मध्ये मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी स्त्रियांना मताधिकार दिला. इतर प्रांतांनी पुढील काही वर्षांत त्यांचे अनुकरण केले.

परंतु हे मत मालमत्तेशी बांधलेले होते. ठरावीक कर भरणारी किंवा ठरावीक मालमत्ता असणारी व्यक्तीच मतदार होऊ शकत असे. ज्या समाजात मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा नव्हता, तेथे अशी अट किती स्त्रिया पूर्ण करणार? दलित कष्टकरी स्त्रीजवळ तर जमीनही नव्हती आणि शाळेची पायरी चढण्याची संधीही नव्हती. तिच्यासाठी हा कायदा असून नसल्यासारखाच होता.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका समजून घेणे आवश्यक आहे. सायमन कमिशनच्या काळात, 1928-29 मध्ये, त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि ती स्त्री-पुरुष दोघांसाठी होती. निरक्षर मनुष्य म्हणजे बुद्धिहीन मनुष्य, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हते. लोकांना पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवायचे आणि मग त्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखवून मत नाकारायचे, हा दुहेरी अन्याय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

1935 च्या कायद्याने स्त्री मतदारांची संख्या सुमारे 60 लाखांपर्यंत नेली. पुरुष मतदार मात्र त्याच्या जवळजवळ पाचपट होते. शिवाय अनेक स्त्रियांना मत मिळाले ते पात्र मतदाराची पत्नी किंवा विधवा म्हणून. म्हणजे अधिकार तिचा, पण त्याचा आधार पतीची मालमत्ता! स्त्री संघटनांनी या अटीला विरोध केला होता. स्त्री ही स्वतः नागरिक आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेला हजारो स्त्रिया जमल्या होत्या. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. ज्यांच्याजवळ मत नव्हते, त्या स्त्रिया तेथे ठराव मांडीत होत्या, संमत करीत होत्या. मताधिकाराची खरी पूर्वतयारी अशा सभांतूनच झाली, असे आम्हांस वाटते.

संविधान सभेत पंधरा स्त्री सदस्य होत्या. त्यांपैकी दाक्षायणी वेलायुधन या एकमेव दलित स्त्री. संविधानाच्या कलम 326 ने प्रौढ मताधिकार दिला. मालमत्ता, शिक्षण, जात, लिंग या सर्व अटी गळून पडल्या. त्या वेळी वयाची अट 21 वर्षांची होती. पुढे 61 व्या घटनादुरुस्तीने ती 18 झाली.

आता उरलेला अडथळा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्या तयार होऊ लागल्या तेव्हा, विशेषतः उत्तर भारतात, असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. परपुरुषाला नाव सांगणे रीतीला धरून नव्हते. त्यामुळे याद्यांत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ अशा नोंदी झाल्या. मतदार ही नाव असलेली व्यक्ती असली पाहिजे, अशी भूमिका मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी घेतली. नावे दुरुस्त करून घेण्यास सवलत देण्यात आली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ 28 लाख स्त्रियांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. 1951-52 मध्ये कायद्याने मतदार असलेल्या या स्त्रिया केवळ नावावाचून मतदानाला मुकल्या. तो निर्णय कठोर होता. पण त्यामुळेच पुढच्या याद्यांत स्त्रिया स्वतःच्या नावाने आल्या.

हा प्रश्न आज संपला आहे काय? विवाहानंतर मुलगी सासरी जाते. नाव माहेरच्या यादीत राहते आणि मतदानाचा दिवस निघून जातो, हे आपण आपल्या वस्त्यांत पाहतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे नाव नमुना 6 भरून नोंदवावे. पत्ता बदलल्यास नमुना 8 भरावा. हे काम घरातील पुरुषाने आठवणीने करावे अशी वाट पाहू नये. तिने स्वतः अर्ज भरावा, स्वतः सही करावी.

आमच्या वसतिगृहात प्रवेश घेताना प्रत्येक मुलगी नोंदवहीत आपले पूर्ण नाव लिहिते. तेच नाव मतदार यादीतही असावे आणि मत कोणाला द्यावयाचे हे तिचे तिनेच ठरवावे. तीस वर्षांच्या त्या झगड्याचे मोल यापेक्षा अधिक काय सांगावे?