सामाजिक संस्था आणि मोबाइल: संदेशापासून कामापर्यंत

सामाजिक संस्थांना मोबाइल आणि समाजमाध्यमे तीन कामांसाठी उपयोगी पडतात: लोकांपर्यंत माहिती पोचवणे, लोकांचे म्हणणे ऐकून घेणे आणि कामासाठी माणसे व पैसा उभा करणे. साधन कोणते निवडायचे हे संस्थेच्या हौसेवर ठरत नाही. ज्यांच्यासाठी काम करायचे, त्यांच्या हातात कोणता फोन आहे यावर ते ठरते.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडाव्यासारख्या गावात एकाच घरात मुलाकडे स्मार्टफोन, वडिलांकडे बटणांचा साधा फोन आणि आईकडे स्वतःचा फोनच नाही, अशी स्थिती असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचे आढळले. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला जेमतेम एकतृतीयांश होत्या. म्हणून महिलांसाठीची सूचना फक्त व्हॉट्सॲपवर टाकली, तर जिला ती सर्वांत जास्त हवी तिच्यापर्यंतच ती पोचत नाही.

साध्या फोनवरचा आवाज

ही अडचण ओळखून मुंबईच्या ‘आरमान’ संस्थेने आवाजाचा मार्ग धरला. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेची ‘एममित्र’ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. नोंदणी केलेल्या गरोदर महिलेला तिच्या सोयीच्या वेळी, तिच्या भाषेत मोफत फोन येतो. त्या महिन्यात काय खावे, कोणती तपासणी करावी, कोणते लक्षण दिसताच दवाखाना गाठावा, हे त्यात सांगितलेले असते. बाळ वर्षाचे होईपर्यंत हे फोन येत राहतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि वाचताही यावे लागत नाही. फोन ऐकणे मध्येच सोडण्याची शक्यता असलेल्या महिला ओळखण्यासाठी संस्थेने गूगलच्या संशोधकांबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केला. अशा महिलांशी मग कार्यकर्त्या स्वतः बोलतात.

पडद्यावरून शिवारात

पाणी फाउंडेशनचा अनुभव दुसऱ्या प्रकारचा आहे. २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि आंबेजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झालेली ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावांची जलसंधारण स्पर्धा २०१९ पर्यंत ७६ तालुक्यांत पोचली. पाणलोटाचे तंत्र छोट्या फिल्ममधून समजावले गेले, शहरातले ‘जलमित्र’ ऑनलाइन नोंदणी करून महाराष्ट्र दिनी श्रमदानाला आले. मात्र गावातल्या निवडक लोकांना आधी प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळाले होते. काम कुठे आणि कसे करायचे हे गावाला ठाऊक होते, म्हणून पडद्यावरचे आवाहन शिवारातल्या कामात उतरले.

पुढे याच संस्थेच्या ‘फार्मर कप’ स्पर्धेसाठी शेतकरी गट तयार झाले आणि ‘डिजिटल शेतीशाळा’ भरू लागल्या. बीजप्रक्रिया, खोडमाशी, चक्रीभुंगा अशा विषयांवर कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञ ऑनलाइन बोलतात आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. परभणीला तर १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पूर्णा तालुक्यातील एखाद्या संस्थेने सोयाबीन उत्पादकांचा गट बांधून आठवड्याचा एक तास ठरवला, पानांचे फोटो आणि प्रश्न आधी गोळा केले, तर तज्ज्ञांचा वेळ नेमका कामी येतो. साधा फोन असलेल्यांना तोच सल्ला ध्वनिसंदेशाने पाठवता येतो.

विश्वास आणि अफवा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्यांबद्दल व्हॉट्सॲपवर पसरलेल्या अफवेतून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. कंपनीची मर्यादा पुरेशी नसते, गावातही विश्वासाची माणसे लागतात. संस्थेच्या गटात कोण संदेश टाकणार हे ठरलेले असावे, प्रत्येक सूचनेवर तारीख आणि विचारणा करण्यासाठी नाव असावे. चूक झाली तर दुरुस्तीही त्याच गटात, तितक्याच ठळकपणे यावी.

देणगीचा हिशेब

२०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून पन्नास-शंभर रुपयांची देणगीही सहज देता येते. क्यूआर कोड मात्र संस्थेच्या नावावरील बँक खात्याचाच असावा, कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा नको. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणाऱ्या संस्थेने हेही सांगावे की २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. परदेशी देणगीला वेगळी नोंदणी लागते आणि ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. मिळालेले पैसे कुठे गेले, हे बिलासह गटात सांगणाऱ्या संस्थेला पुढच्या वेळी हात पसरावा लागत नाही.

फोटोआधी परवानगी

मदत घेणाऱ्याचा चेहरा ही प्रसिद्धीची वस्तू नव्हे. बालन्याय कायदा, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांच्या माहितीची गुप्तता बंधनकारक केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर संमतीला कायद्याचे स्थान दिले. फोन नंबर, आजार, कर्ज यांची यादी गटात टाकण्यापूर्वी ती कोणाकोणाच्या हाती जाईल याचा विचार व्हायला हवा. कामापुरतीच माहिती घ्यावी, ती मोजक्या माणसांकडे ठेवावी आणि काम संपल्यावर पुसून टाकावी.

मोजायचे काय

लाइक आणि फॉलोअर यांवरून प्रसिद्धी कळते, काम कळत नाही. आरोग्याच्या संदेशानंतर किती महिला तपासणीला आल्या, शेतीशाळेनंतर किती जणांनी बीजप्रक्रिया केली, विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळाले आणि किती दिवसांत, हे मोजावे. छोट्या संस्थेने एक गाव, एक प्रश्न आणि एक साधन घेऊन सुरुवात केली, तर एका हंगामात हे आकडे हाती येतात. ते आकडे ग्रामसभेत मांडले, की साधन बदलायचे, वाढवायचे की सोडून द्यायचे, याचा निर्णय गावासोबत घेता येतो.