औषधांची नावे पाठ करताना

मेडिकलवर काम करणारी तेलगावची आपली मुले गोळ्यांचे पाकीट रंगावरून ओळखतात. पण डी. फार्मसीच्या पेपरात कंपनीचे नाव पुरत नाही, मूळ औषधाचे नाव लागते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. नोंदणी नसलेला हुशार मुलगाही जन्मभर दुसऱ्याच्या सर्टिफिकेटखाली नोकरच राहतो.

आम्ही सुचवतो की नावाचे शेपूट धरावे. शेवटी 'प्रिल' (एनालाप्रिल, रॅमिप्रिल) किंवा 'सार्टन' (लोसार्टन, टेल्मिसार्टन) आले की औषध ब्लड प्रेशरचे. 'प्राझोल' बहुधा आम्लपित्ताचे. मात्र नुसत्या 'झोल'वर भिस्त ठेवू नये. ओमेप्राझोल पित्तावर, अल्बेंडाझोल जंतांवर, फ्लुकोनाझोल बुरशीवर! परीक्षेत एक गुण जाईल, काउंटरवर मात्र गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ होईल.

हिफ्जची मुले नव्या सबकाबरोबर जुनेही रोज फिरवतात. तसेच इथेही करावे. रोज दहा नावे नवी घ्यावीत, कालची दहा न बघता म्हणावीत. दुकानात असाल तर फळीवरचे प्रत्येक पाकीट उचलताना त्यावर छापलेले मूळ नाव आधी वाचावे, मग कंपनीचे.